मॉल म्हणजे घण: एका शब्दाची केस फाइल

केस अशी आहे. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, लोकांचे शिमला-मसुरी-नैनितालचे फोटो यायला लागले की एक जुना फॉरवर्ड परत डोकं वर काढतो, की मॉल रोडमधलं 'मॉल' हा शॉर्टफॉर्म आहे, मॅरीड अकोमोडेशन अँड लिव्हिंग लाइन्स, म्हणजे म्हणे ब्रिटिश फौजेतल्या बायका-मुलंवाल्या साहेबांची क्वार्टर्स ज्या रस्त्याला होती तो मॉल रोड. खाली लगेच अंगठे, "छान माहिती", "आजच कळलं". आणि एखादा टवाळ हमखास विचारतो की मग लोअर परळच्या मॉलमध्ये कोणाची क्वार्टर्स होती रे.

टवाळाचा प्रश्न एकदम बरोबर आहे. शिमल्याचा मॉल आणि लोअर परळचा मॉल हा एकच शब्द असेल तर जे काय उत्तर असेल ते दोन्हीकडे लागू पडलं पाहिजे, आणि लंडनच्या बकिंगहॅम पॅलेससमोरच्या 'द मॉल' नावाच्या रस्त्याला आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल नावाच्या लांबलचक हिरवळीलासुद्धा. फौजी क्वार्टर्स हे उत्तर चारातल्या तीन ठिकाणी बसतच नाही. चारही ठिकाणी बसतं ते उत्तर ऐकायला त्याहून विचित्र आहे: घण. खुंट ठोकायचा, ओंडका फोडायचा, दोन्ही हातांनी उचलायचा जड हातोडा.

आता घणाचा आणि एसी लावलेल्या, फूड कोर्टवाल्या इमारतीचा काय संबंध, तर संबंध सरळ नाहीये, मध्ये एक खेळ आहे, एक राजा आहे, आणि बरीचशी धूळ आहे. म्हणून ही केस पायरी पायरीने बघू, कारण नुसतं "मॉल म्हणजे घण" एवढंच सांगितलं तर तोही एक फॉरवर्डच झाला.

आधी हत्यार

इंग्रजीत मॉल नावाचा हातोडा आजही आहे. स्पेलिंग वेगळं, एम-ए-यू-एल, पण उच्चार तोच, त्यामुळे देवनागरीत लिहिले तर दोन्ही मॉल डिट्टो सारखे दिसतात. आणि काही शतकांपूर्वी इंग्रज लोक हातोड्याचं स्पेलिंगसुद्धा बऱ्याचदा एम-ए-डबल-एल असंच करायचे, तेव्हा स्पेलिंगला कोणी शिस्त लावलेली नव्हती. अमेरिकेत जिथे थंडीत शेकोटीसाठी सरपण लागतं तिथे हार्डवेअरच्या दुकानात अजून मिळतो: तीनेक फुटाचा दांडा, तीन-चार किलोचं डोकं, डोक्याची एक बाजू घणासारखी बोथट आणि दुसरी जाड पाचरीसारखी. कुऱ्हाडीचं पातं बारीक असतं, ते लाकडात रुतून बसतं आणि मग सोडवता सोडवता घाम निघतो, मॉलचं तोंड जाड म्हणून तो आत शिरता शिरताच ओंडका दोन बाजूंना फाकवतो. आपल्याकडे वखारीत हेच काम दोन वस्तू मिळून करतात, पाचर आणि घण. मॉलमध्ये ती दोन्ही एकाच दांड्यावर बसवलीत.

शब्द आला लॅटिनमधून. लॅटिनमध्ये हातोडा म्हणजे मॅलिअस, तो जुन्या फ्रेंचमध्ये झिजून आखूड झाला आणि नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांची जी रांग इंग्रजीत घुसली त्यात हाही आला. त्याची बाकीची भावंडं आपल्याला शाळेतच भेटलेली असतात फक्त ओळख झालेली नसते. मॅलेट म्हणजे छोटा मॉल, सुतार पटाशीवर मारायला जी लाकडी मोगरी वापरतो ती, किंवा पोलोवाल्यांच्या हातातली लांब दांड्याची. मॅलिएबल, म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातली वर्धनीयता, मूळ अर्थ हातोड्याने ठोकून पत्रा करता येईल असा धातू. आणि कानातली तीन हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब, त्यातल्या हातोडीचं डॉक्टरी नाव आजही मॅलिअसच. (रिकीब सगळ्यात लहान, शरीरातलं सगळ्यात लहान हाड, तीनेक मिलिमीटर. हे केसशी संबंधित नाही, पण लोहाराचं अख्खं दुकान कानात भरलंय आणि त्यात घोड्यावर चढायची रिकीब कुठून आली हे मला शाळेपासून खटकतं, म्हणून लिहिलं.)

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो. जड हातोड्याला नाव देताना बहुतेक भाषांनी फार डोकं चालवलेलं नाही, जे मारतं ते मारणारं, एवढंच. आपला घण संस्कृत 'घन'वरून आणि तो 'हन्' म्हणजे मारणे या धातूवरून. इंग्रजीतला दुसरा प्रसिद्ध घण म्हणजे स्लेजहॅमर, त्यातलं स्लेज हे जुन्या इंग्रजीतल्या 'स्लेआन' म्हणजे मारणे या क्रियापदावरून, म्हणजे घणासारखीच सेम रेसिपी (बर्फावरची स्लेज गाडी वेगळी, ती डच लोकांकडून आलीय). आणि साध्या 'हॅमर'चं मूळ बरेच व्युत्पत्तिवाले 'दगड' या अर्थाच्या शब्दाकडे नेतात, जो संस्कृतात अश्मन् झाला, आपल्या अश्मयुगातला. मॅलिअसचं मूळ मात्र मारण्यापेक्षा ठेचण्या-दळण्याकडे जातं असं म्हणतात, आणि ते या केसमध्ये शेवटी पुन्हा लागणार आहे.

मारामारीतला मॉल

मॉल हे आधी फक्त कामाचं अवजार होतं पण कामाचं जड अवजार हाताशी असलं की भांडणात तेच उचललं जातं. १४१५ च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत इंग्लिश तिरंदाजांनी आपल्यासमोर टोकदार खुंट ठोकले होते, फ्रेंच घोडदळ थेट अंगावर येऊ नये म्हणून. चिखल भयंकर, फ्रेंच सरदार चिलखतासकट त्यात रुतले, एकमेकांवर पडले, आणि मग बाण संपत आलेले तिरंदाज धनुष्य टाकून कुऱ्हाडी, तलवारी आणि खुंट ठोकायचे हातोडे घेऊन त्यांच्यावर धावून गेले. चिलखताला तलवारीची धार लागत नाही, पण वरून घण बसला तर आतल्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको.

१६११ मध्ये जे किंग जेम्स बायबल छापलं गेलं त्यात नीतिसूत्रांच्या २५ व्या अध्यायात हाच शब्द येतो, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणारा माणूस म्हणजे मॉल, तलवार आणि टोकदार बाण. तिन्ही हत्यारं एका ओळीत. म्हणजे तेव्हाच्या सामान्य वाचकाला मॉल म्हटल्यावर डोकं फोडणारी वस्तूच डोळ्यासमोर येत होती.

याच अंगाने त्याचं क्रियापद झालं, आधी घणाने मारणे, मग कशानेही बदडून काढणे, मग जनावराने फाडणे. जुन्नर भागातल्या बिबट्याच्या हल्ल्याची इंग्रजी बातमी वाचा, त्यात हेच क्रियापद असतं, आणि तिथे हातोड्याचा मागमूसही नसतो. रग्बीतही मॉल आहे, बॉल घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूला समोरच्याने धरलं आणि त्याचा एखादा साथीदार मागून त्याला चिकटला की तो जो गठ्ठा तयार होतो तो. हे झालं शब्दाचं एक खानदान. आपली केस दुसऱ्या खानदानाची आहे, जे मारामारी सोडून खेळायला गेलं.

खेळ

इटलीत 'पाल्लामाल्यो' नावाचा खेळ होता. पाल्ला म्हणजे बॉल, माल्यो म्हणजे तोच आपला मॅलिअस, हातोडा. फ्रान्समध्ये गेल्यावर त्याचं पालमाय झालं आणि स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये पोचेपर्यंत पॅल मॅल, पेल मेल, पेलेमेल, ज्याला जसं ऐकू आलं तसं. स्कॉटलंडचा जेम्स राजा, जो पुढे इंग्लंडचाही राजा झाला, त्याने १५९९ मध्ये आपल्या मुलासाठी लिहिलेल्या उपदेशात राजपुत्राने खेळावेत अशा चांगल्या खेळांच्या यादीत याचं नाव घातलंय.

खेळायचं कसं, याचं वर्णन १६११ च्याच एका फ्रेंच-इंग्रजी डिक्शनरीत मिळतं (तेच वर्ष, एका पुस्तकात मॉल डोकं फोडतोय आणि दुसऱ्यात बॉल टोलवतोय). लांब पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना लोखंडाची उंच कमान, बॉक्सवूड नावाच्या टणक लाकडाचा बॉल, तो लांब दांड्याच्या हातोड्याने टोलवत न्यायचा आणि कमानीतून काढायचा, जो कमीत कमी टोल्यांत काढेल तो जिंकला. म्हणजे गोल्फसारखा हिशोब आणि क्रोके नावाच्या हिरवळीवरच्या खेळासारखं हत्यार.

या खेळाला काय लागतं ते बघा, कारण पुढची सगळी केस त्यावर उभी आहे. हातोडा आणि बॉल कुठेही घेऊन जाता येतो, पण पट्टा नेता येत नाही. जमीन लांब, सरळ, सपाट आणि टणक हवी, दोन्ही बाजूंना फळ्या म्हणजे बॉल बाहेर जाणार नाही, वर सावलीला झाडं. असली जागा शहरात बनवायची तर पैसा आणि राजाची मर्जी दोन्ही पाहिजे. आणि एकदा बनवली की लोक त्या जागेलाच खेळाच्या नावाने ओळखायला लागतात. आपण नाही का शेजारच्या गल्लीतला कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली तरी रिक्षावाल्याला त्याच नावाने पत्ता सांगत, तसं.

१६६१ ची धूळ

लंडनमध्ये सेंट जेम्स पॅलेसच्या जवळ असा एक पट्टा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात होता. मग यादवी झाली, पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं, क्रॉमवेलचा कारभार झाला, आणि १६६० मध्ये दुसरा चार्ल्स फ्रान्स-हॉलंडमधली वणवण संपवून गादीवर आला. आल्या आल्या त्याने सेंट जेम्स पार्क नव्याने सजवायला घेतलं आणि पार्कच्या आत पॅल मॅलचा एक नवा पट्टा तयार करून घेतला.

अडचण अशी झाली की पार्कच्या भिंतीला लागून चेरिंग क्रॉसहून पॅलेसकडे जाणारा जुना रस्ता होता, त्यावरून घोडागाड्या जायच्या आणि त्यांची धूळ भिंतीवरून उडून खेळणाऱ्यांच्या अंगावर यायची. आता सामान्य माणूस असता तर खेळ बंद केला असता, पण हा राजा, त्याने १६६१ मध्ये रस्ताच बंद केला. गाड्यांसाठी नवीन रस्ता काढला तो थोडा उत्तरेला, जिथे जुना पॅल मॅलचा पट्टा होता बरोबर तिथून. म्हणजे खेळ नव्या जागी गेला आणि खेळाच्या जुन्या जागी रस्ता आला.

माझ्या मते या अख्ख्या केसमधला हा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे. कारण इथे शब्द दोन जागी फुटला. जुन्या पट्ट्यावरचा रस्ता लोकांच्या तोंडी पॅल मॅल झाला आणि पार्कातला नवा पट्टा नुसता द मॉल. दोन्हीकडे हातोडा होता म्हणून नाव पडलं, आणि त्यातल्या एका ठिकाणी तर नाव पडलं तेव्हा हातोडा तिथून निघून गेलेला होता.

आणि आता मुंबईकरांसाठी. या नव्या रस्त्याला सरकारी नाव दिलं होतं कॅथरीन स्ट्रीट. कोण कॅथरीन, तर पोर्तुगालच्या ब्रगान्झा घराण्याची राजकन्या, जिच्याशी चार्ल्सचं लग्न त्याच साली, १६६१ मध्ये ठरलं, आणि त्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने जे काय आंदण दिलं त्यात मुंबई होती. हो, तीच कॅथरीन, इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येऊन जाते ती. पुढे १६६८ मध्ये राजाने मुंबई वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली हे सगळ्यांना पाठ असतं. लंडनमध्ये तिच्या नावाचा रस्ता मात्र लोकांनी चालवूनच घेतला नाही, कागदावर कॅथरीन आणि तोंडात पॅल मॅल, आणि शेवटी कागदानेच हार मानली. आज तिथे जुने क्लब आहेत, १८०७ मध्ये लंडनकरांनी गॅसचे दिवे रस्त्यावर पहिल्यांदा बघितले ते इथेच, आणि त्या रस्त्याच्या नावाची सिगरेटसुद्धा निघाली. हातोड्याच्या नावाची सिगरेट.

सॅम्युअल पेपिस नावाचा नौदलाच्या खात्यातला एक कारकुनी बाण्याचा अधिकारी तेव्हा रोजची डायरी लिहीत होता. २ एप्रिल १६६१ ला तो लिहितो की सेंट जेम्स पार्कमध्ये राजाच्या भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला, पेलेमेल खेळताना बघितलं, हा खेळ मी आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय. पण मला त्याहून आवडते ती १५ मे १६६३ ची नोंद. त्या दिवशी तो पार्कात फिरायला गेला तर मॉलचा राखणदार पट्टा झाडत होता. पेपिस त्याच्याशी गप्पा मारायला लागला, आणि त्या माणसाने त्याला सांगितलं की जमिनीची माती कशाकशाची मिसळ करून बनवतात आणि वरून शिंपल्यांची पूड पसरतात म्हणजे ती घट्ट बसते, पण कोरड्या हवेत त्या पुडीची धूळ होते आणि बॉल मरतो. आपल्याकडचा पिच क्युरेटर ज्या सुरात विकेटबद्दल कुरकुर करतो तोच सूर, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. राजाने रस्त्याची धूळ बंद केली आणि खालची शिंपल्यांची धूळ बसलीच की नाकात.

खेळ गेला, चालणं राहिलं

खेळाची फॅशन पुढे ओसरली. राजे बदलले, लोकांना दुसरे नाद लागले. पण पट्टा होता ना, झाडं मोठी झाली होती, सावली होती, जमीन सपाट होती. मग तिथे लंडनची बडी मंडळी संध्याकाळी फिरायला यायला लागली, नवे कपडे दाखवायला, कोण कोणाबरोबर आहे ते बघायला, लग्नं जमवायला आणि मोडायला. अठराव्या शतकात मॉल हा शब्द साधं नाम म्हणूनही वापरात आला, कुठल्याही गावातला झाडांच्या सावलीतला फिरायचा चांगला रस्ता म्हणजे तिथला मॉल.

इंग्रज हिंदुस्थानात छावण्या आणि थंड हवेची ठिकाणं वसवायला लागले तेव्हा हाच अर्थ बरोबर घेऊन आले. शिमला, मसुरी, नैनिताल, मरी, लाहोर, दार्जिलिंग, सगळीकडे मॉल. शिमल्याच्या मॉलवर तर व्हाइसरॉयसारख्या मोजक्या बड्या धेंडांनाच गाडी आणायची परवानगी होती, बाकी सगळे चालत किंवा रिक्षात, कारण मॉल ही मुळात चालायचीच जागा. तिथल्या एका कोपऱ्याला स्कँडल पॉइंट म्हणतात, यावरून तिथे काय उद्योग चालायचे ते ओळखा, लंडनच्या मॉलपेक्षा फार वेगळे नसणार. आपल्या महाबळेश्वर-माथेरानला हा शब्द तसा रुळला नाही, आपण तिथे संध्याकाळी "मार्केटमध्ये चक्कर मारून येतो" म्हणतो.

तर क्वार्टर्सवाला शॉर्टफॉर्म इथेच आपटतो. १६६० च्या दशकात लंडनमध्ये मॉल होता, तेव्हा शिमला कुठल्या इंग्रजाच्या नकाशावरही नव्हतं. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची सवय मुख्यतः विसाव्या शतकातली, रडार, लेसर वगैरे. जुन्या शब्दाचा शॉर्टफॉर्म कोणी सांगायला लागला की तो बहुतेक वेळा मागाहून बसवलेला असतो. 'पॉश'ची तीच कथा, इंग्लंडहून मुंबईला जाणाऱ्या बोटीत जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन, सावलीची म्हणून महाग, पोर्ट आउट स्टारबोर्ड होम, त्याची चार अक्षरं, ऐकायला इतकं गोड की खोटं आहे सांगितलं तर लोक आपल्यावरच चिडतात. आणि मुळात लाहोर बघा, तिथल्या मॉल रोडला पाकिस्तान झाल्यावर शाहराह-ए-कायद-ए-आझम असं भारदस्त नाव दिलं, जिन्नांचं नाव म्हणजे काय साधी गोष्ट नाही, तरी लोक अजून मॉलच म्हणतात. कॅथरीन राणीचं झालं तेच.

अजून एक भूत इथेच उतरवतो. इंग्रजीत पेल-मेल असं एक क्रियाविशेषण आहे, धांदलीत, गोंधळात, एकमेकांवर आदळत या अर्थाचं. पॅल मॅलच्या खेळात लोक असे धावायचे म्हणून तो शब्द आला असं सांगतात. नाही. तो फ्रेंचमधल्या मिसळणे या क्रियापदावरून आलाय, मिसळ-बिसळ, खिचडी-बिचडी म्हणतो ना आपण तसला जोडशब्द. उच्चार सारखा झाला म्हणून दोघांची सोयरीक लावून दिली एवढंच.

छप्पर कधी चढलं

अमेरिकेत मॉल शब्द आधी असाच मोकळ्या जागेसाठी होता, वॉशिंग्टनचा नॅशनल मॉल हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण, पार्लमेंटपासून लिंकन स्मारकापर्यंत सरळ हिरवा पट्टा. दुकानांशी त्याचं नातं दुसऱ्या महायुद्धानंतर जुळलं. तेव्हा लोक शहराबाहेर राहायला लागले होते, प्रत्येक घरी मोटार आली होती, मग शहराबाहेर भलंमोठं पार्किंग करून मधोमध दुकानांच्या दोन रांगा समोरासमोर बांधायची टूम निघाली. दोन रांगांच्या मध्ये जी गाड्यांना बंदी असलेली चालायची वाट असे, झाडं, बाकं वगैरे लावलेली, तिला आर्किटेक्ट लोक मॉल म्हणायचे. सिएटलचं नॉर्थगेट १९५० मध्ये उघडलं ते असंच, मधली वाट उघडी. म्हणजे त्या वेळी मॉल म्हणजे दुकानं नव्हेत. मॉल म्हणजे दुकानांमधली वाट. अख्ख्या प्रकाराला शॉपिंग सेंटर म्हणत.

१९५६ मध्ये मिनेसोटात, एडाइना या गावात साउथडेल नावाचं सेंटर उघडलं. मिनेसोटाची थंडी म्हणजे हाडं गोठवणारी, उघड्या वाटेवर खरेदीला कोण येणार, म्हणून आर्किटेक्टने त्या वाटेवर छप्पर घातलं आणि आत बारा महिने एकच तापमान ठेवलं. हा आर्किटेक्ट व्हिक्टर ग्रुएन, व्हिएन्नाचा ज्यू माणूस, १९३८ मध्ये नाझी घुसल्यावर पळून अमेरिकेत आलेला. त्याच्या डोक्यात व्हिएन्नाचे चौक आणि कॅफे होते, लोकांनी भेटावं, बसावं, चालावं, आजूबाजूला घरं असावीत, शाळा असावी, तळं असावं. बाकीचं काही झालं नाही, तेवढं दुकानांचं खोकं झालं आणि ते इतकं चाललं की सगळ्या अमेरिकेने त्याची कॉपी मारली. म्हातारपणी ग्रुएन त्या प्रकाराला इतका विटला की असल्या अनौरस पोरांची पोटगी मी भरणार नाही असं जाहीर भाषणात म्हणाला. पण छप्पर चढलं तेव्हा शब्दाचं काम झालेलं होतं, वाट आणि दुकानं एकाच भिंतीच्या आत आली, मग वाट कुठे संपते आणि इमारत कुठे सुरू होते हे कोण बघतंय, साठच्या दशकात अख्ख्या इमारतीलाच मॉल म्हणायला लागले.

म्हणून कोणी विचारलं की घणाचा अर्थ दुकान कसा झाला, तर तसा तो कधी झालाच नाही. घणाने खेळ, खेळाचा पट्टा, पट्ट्यावर फिरणं, फिरायची वाट, वाटेच्या कडेची दुकानं, प्रत्येक वेळी शब्द फक्त शेजारच्या वस्तूवर सरकला. अर्थ ताणून ताणून लांब गेला असं जे वाटतं ते आपण दोन टोकंच बघतो म्हणून, मधल्या कुठल्याच माणसाला आपण काही वेगळं बोलतोय असं वाटलं नसणार. फक्त पायाखालचा लांब सपाट पट्टा शेवटपर्यंत टिकला. आजही कुठल्याही मॉलच्या आत जा, मधोमध तोच असतो, शिंपल्यांच्या पुडीऐवजी व्हिट्रिफाइड टाइल.

गिरणगावात

मुंबईत पहिला गाजलेला मॉल १९९९ मध्ये हाजी अलीजवळ निघाला, क्रॉसरोड्स. सुरुवातीला बघ्यांची एवढी झुंबड झाली की ज्याच्याकडे मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड आहे त्याला सोडायचं, नसेल त्याने तिकीट काढायचं असा नियम काढला होता, त्यावर पेपरात भरपूर टीका झाली. मोबाइल तेव्हा मोजक्यांकडे. नुसतं चालायच्या जागेत कोणाला येऊ द्यायचं आणि कोणाला नाही हे भांडण मॉलच्या पाठीला शिमल्यापासून चिकटलेलं आहे असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग लोअर परळ. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, गिरण्याच मिटल्या. त्या जमिनींवर पुढे टॉवर आले, ऑफिसं आली, आणि फिनिक्स मिल, जी १९०५ सालची कापड गिरणी, तिच्या आवारात मॉल झाला. तिथली चिमणी आज मॉलमध्ये फोटो काढायची जागा आहे. "मिलचा मॉल झाला" हे वाक्य त्या भागातले म्हातारे लोक बोलतात तेव्हा ते यमक जुळवत नसतात, त्यांचा पीएफ आणि पोरांच्या नोकऱ्या त्यात गेलेल्या असतात.

पण यमक आहे, आणि ते नुसतं यमक नसावं. इंग्रजी मिल लॅटिनमधल्या दळणे या क्रियापदावरून, आधी पिठाची गिरणी, मग पाण्यावर चालणारं तेच चाक रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये क्रॉमफर्डला सूत कातायला जुंपलं तेव्हा कापडाचा कारखानाही मिलच झाला (आपणही पिठाची गिरणी आणि कापडाची गिरणी एकाच शब्दात उरकली). आणि त्या दळणे-ठेचणे या अर्थाच्या आदिम धातूशीच लॅटिनचा मॅलिअस जोडतात, दाढेला इंग्रजीत मोलर म्हणतात तोही त्यातलाच, आणि रशियन 'मोलोत' म्हणजे हातोडा, ज्यावरून स्क्र्याबिन आडनावाच्या एका बोल्शेविकाने मोलोतोव्ह हे टोपणनाव घेतलं, तोही. म्हणजे हे नातं धरलं तर लोअर परळला एका शब्दाच्या जमिनीवर त्याचाच सख्खा चुलतभाऊ उभा राहिलाय, दळणाऱ्याच्या जागी ठेचणारा. तरी एक सांगतो, हे चार-पाच हजार वर्षांमागचं नातं आहे, ते तुलना करून मांडलेलं असतं, कोणी डायरीत लिहून ठेवलेलं नसतं, त्यामुळे ही कडी मी पैज लावून लढवणार नाही. १६६१ च्या धुळीवर मात्र लावा किती लावायची ती.